मालकाचं म्हणणं

गाडी बंद पडली ती इमारतीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर, बरोबर मध्यावर, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे इमारतीतले झाडून सगळे नोकरदार ज्या वेळी बाहेर पडतात, त्याच वेळी. आधी पुढच्या झाकणाखालून पांढरा धूर आला, मग काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही. मागे सात गाड्या तुंबल्या आणि सातही जणांनी हॉर्नवर हात ठेवले.

आत बसलेल्या सर्व्हेयरला खाली उतरून सगळ्यांची माफी मागायची होती. पण गाडी लाल, दोन सीटची, जमिनीला लगटून चालणारी स्पोर्ट्स कार. तिचं दार इतकं लांब की ते पूर्ण उघडल्याशिवाय मोठा माणूस बाहेर पडत नाही, आणि उताराची भिंत ते पूर्ण उघडू देत नव्हती. काच खाली करावी तर काचही गेल्या वर्षीच संपावर गेलेली. शेवटी त्याने आतूनच दोन्ही हात जोडून मागे वळून दाखवले. मागच्यांना वाटलं, हा आपल्याला 'या आता' म्हणतोय. हॉर्न आणखी वाढले.

शेवटी त्याची बायको जिन्याने खाली आली. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि तिला हुकूम सोडायची सवय होती. तिने सातही शेजाऱ्यांना गाड्यांतून उतरवलं, लाल गाडीच्या मागे ओळीने उभं केलं आणि ढकलायला लावलं. "कंबरेतून वाकू नका! गुडघ्यातून वाका! श्वास सोडत ढकला!" असं ती ओरडत होती. गाडी वर आली. सात जणांपैकी दोघांनी जाता जाता तिच्याकडे दवाखान्याची वेळ विचारून घेतली.

"अहो," गर्दी पांगल्यावर ती म्हणाली, "आता तरी ठरवा. दुरुस्त करायची तर करा, विकायची तर विका. पण काहीतरी एक करा."

"ठरवतो ना."

"सहा वर्षं ठरवताय."

हे खरं होतं, आणि त्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की ठरवणं हाच त्याचा धंदा होता. तो एका विमा कंपनीत सर्व्हेयर होता. ठोकलेली, उलटलेली, बुडालेली गाडी समोर आली की ती दुरुस्त करायची की भंगारात काढायची, हे तो सांगायचा. त्याला त्यासाठी सरासरी अकरा मिनिटं लागत. बावीस वर्षांत त्याचा एकही अहवाल परत आलेला नव्हता. त्याची पद्धत साधी होती: गाडी बघून होईपर्यंत मालकाशी एक शब्द बोलायचा नाही. मालक बोलायला लागला की गाडी दिसेनाशी होते, असं तो नव्या लोकांना शिकवायचा. मालक सांगतात, ही वडिलांची आठवण आहे, हिच्यातून आम्ही लग्न होऊन घरी आलो. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवायचा, खडूने फुली मारायचा, सही करायचा आणि निघून जायचा.

आपल्या गाडीभोवती मात्र तो सहा वर्षं चकरा मारत होता.

दुपारी गाडी मेकॅनिकच्या लिफ्टवर चढली. मेकॅनिक तिला पहिल्यापासून ओळखत होता. तिची निम्मी हाडं त्यानेच सांधली होती.

"साहेब, आधी बसा."

"उभाच बरा आहे. बोल."

"इंजिनचं गॅस्केट गेलंय. हेड वाकलंय. दुसरा गिअर गेलाय, पण तो आज नाही गेला. तुम्ही वर्षभर पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर टाकताय, मला आवाजावरून कळतं. खालचा पत्रा असा झालाय की बोट लावलं तर बोट आत जातं. लावून दाखवू?"

"नको."

"आणि पार्ट मिळत नाहीत. जिने बनवली त्या कंपनीलाही आठवत नसेल की आपण ही बनवली होती. एवढ्या खर्चात अशा दोन गाड्या येतील."

"अशा दोन गाड्या मिळतील कुठे?"

"कुठेच नाहीत."

"मग?"

"मग तेच तर," मेकॅनिक म्हणाला आणि दोघंही वर बघत उभे राहिले. गाडी तीन लाख एक्याण्णव हजार किलोमीटर चालली होती. हिशोबाने ती केव्हाच चंद्रावर पोचली असती. मेकॅनिकच्या मते पोचलीच होती. अडचण परत येण्याची होती.

"शुक्रवारी दुपारपर्यंत सांगा साहेब. मला लिफ्ट मोकळी लागेल. माझीही पोटापाण्याची गिऱ्हाइकं आहेत."

एवढे किलोमीटर झाले कसे, याचं उत्तर घरच्या माणसांना ठाऊक होतं. गाडीला सीट दोन आणि घरात माणसं तीन. कुठे सहलीला जायचं तर सर्व्हेयर आधी बायकोला आणि सामानाला पोचवायचा, मग तेवढंच अंतर परत येऊन आजीजवळ ठेवलेल्या मुलीला न्यायचा. परतताना पुन्हा तसंच. एका सहलीचे तो तिप्पट किलोमीटर चालवायचा आणि त्यात त्याला काडीचंही वाईट वाटत नसे. मुलीचं अर्धं बालपण मात्र दारात चपला घालून वाट बघण्यात गेलं. आता ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि फोनवर तिने एका वाक्यात निकाल दिला, "बाबा, विका."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पाय अवघडल्यासारखं वाटतं."

मंगळवारी संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायकोने तोडगा काढला. "तुमचा तो फॉर्म असतो ना? तो भरा. गाडी परक्याची समजून. जे निघेल ते निघेल. मी पुढे एक शब्द बोलणार नाही आणि तुम्हीही बोलायचं नाही."

"परक्याची कशी समजू?"

"रोज समजता की. लोक रडत असतात आणि तुम्ही टायर मोजत असता."

बुधवारी सर्व्हेयर उजेडाची बॅटरी, खडू आणि फॉर्म घेऊन मेकॅनिककडे गेला. दारातच त्याने चष्मा पुसला, चेहरा बदलला आणि आत शिरला. मेकॅनिकने नेहमीप्रमाणे विचारलं, "साहेब, चहा?"

"मालकाला द्या. मी कामावर असताना घेत नाही."

मेकॅनिकने मालक कुठे दिसतो का म्हणून मागे वळून बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं की आज काहीतरी वेगळं चाललंय, आणि तो गुपचूप बाजूला झाला.

अकरा मिनिटं. एकही जास्त नाही. पत्रा वाजला, बॅटरी फिरली, खडूची फुली पडली. इंजिन: कामातून गेलेलं. गिअरबॉक्स: तेच. तळाचा पत्रा: गंजलेला, धोकादायक. सुट्या भागांना गिऱ्हाईक: नाही. बिघाडाचं कारण या रकान्यात त्याने क्षणभर विचार करून एकच शब्द लिहिला, 'वय'. मग आला सातवा रकाना. मालकाचं म्हणणं.

हा रकाना मालकाने स्वतः भरायचा असतो. म्हणून सर्व्हेयर पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसला आणि मालक झाला. मालकाने दोन पानं भरली, तिसरं जोडलं. ही गाडी मी एकोणतिसाव्या वर्षी घेतली, त्यानंतर मी दुसरी कुठलीही चैन केलेली नाही. हिच्या सीटमुळे माझी कंबर धरली, कंबरेमुळे मी दवाखान्यात गेलो, आणि दवाखान्यात ज्या मॅडम होत्या त्यांच्याशी माझं लग्न झालं. हिच्या पुढच्या, झाकणाआड लपणाऱ्या दिव्यांतला एक उशिरा उघडतो, पण उघडतो. मी जगात कुणाकडेही हट्ट केलेला नाही, हा एक करू द्यावा. लिहिता लिहिता मालकाचे डोळे भरून आले आणि त्याने खाली सही केली. सहीखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: गाडी भंगारात निघाल्यास कंपनीने नेमलेल्या भंगारवाल्याला देण्यास माझी हरकत नाही. बावीस वर्षं मालकांना तिथे सही करायला लावणाऱ्या माणसाला ते वाचायची गरज वाटली नाही.

मग तो उठून पुन्हा आपल्या जागी आला, तिन्ही पानं वाचली आणि खाली लाल शाईने लिहिलं: 'मालक भावनिक आहे. म्हणण्याचा वाहनाच्या यांत्रिक स्थितीशी संबंध नाही. ग्राह्य धरलेलं नाही. वाहन दुरुस्तीयोग्य नाही, भंगारात काढावं.' आणि सही.

अहवाल उत्तम झाला होता. इतका स्वच्छ अहवाल त्याने बऱ्याच दिवसांत लिहिला नव्हता. तो घेऊन घरी जायचं मात्र त्याला धैर्य होईना. बायकोने विचारलं तेव्हा त्याने "अजून दोन रकाने राहिलेत" असं सांगितलं. उद्या सकाळी ऑफिसात जाऊन फाडून टाकू, एवढं ठरवून त्याने तो पिशवीत सारला. त्याच्या पिशवीला दोन कप्पे होते. उजव्यात डबा आणि खाजगी कागद, डाव्यात पूर्ण झालेले अहवाल. हाताला बावीस वर्षांची सवय. हाताने तो डाव्यात ठेवला.

गुरुवारी तो पिशवी टेबलावर टाकून एक उलटलेला टेम्पो बघायला गेला. एक वाजता परत आला आणि फाडायचं काम आधी उरकावं म्हणून कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

"बाई, माझ्या पिशवीतले कागद?"

रेकॉर्डच्या बाई गेली पंधरा वर्षं दर गुरुवारी त्याच्या डाव्या कप्प्यातून अहवाल काढून घेत, न विचारता. "पुढे गेले की, सर."

"सगळे?"

"सगळे. त्या लाल गाडीचा तर काय सुंदर होता हो! दोन्ही सह्या, तिन्ही पानं. नुसता फाइल नंबर घालायचा राहिला होता तुमच्याकडून, तो मी घातला. पॉलिसी शोधली, आपल्याकडचीच निघाली."

"ती माझी गाडी आहे, बाई!"

"नाव बघितलं मी. म्हटलं, सर स्वतःच्या बाबतीतसुद्धा किती कडक आहेत. मोठ्या साहेबांनाही दाखवलं."

"पण कारणात मी 'वय' लिहिलंय! वयाला आपण काही देत नाही!"

"हो ना, वयाला कोडच नाही. पूर आहे, वीज आहे, दगडफेक आहे, जनावर आहे. मग 'इतर नैसर्गिक कारण' घातलं. वय नैसर्गिकच ना, सर?"

सर्व्हेयर मोठ्या साहेबांच्या खोलीकडे धावला. मोठे साहेब त्याच्या अहवालांवर डोळे मिटून सही करत, आणि आज त्यांनी अपवाद केलेला नव्हता.

"सर, ते मागे घ्या. घरगुती कागद होता."

"असा कसा मागे घेऊ? मालकाची संमती आहे."

"मालक मीच आहे. मी संमती काढून घेतो."

मोठ्या साहेबांनी खेदाने मान हलवली. "सही केलेली संमती मालकाला काढता येत नाही, अहवालात चूक दाखवल्याशिवाय. हा नियम कुणी सुचवला आठवतंय? मालक आयत्या वेळी रडारड करतात म्हणून तुम्हीच सुचवला होता. फार चांगला नियम आहे. चूक दाखवा, आत्ता थांबवतो."

सर्व्हेयर अहवालाची प्रत घेऊन जागेवर बसला आणि चूक शोधायला लागला. त्याने तो तीनदा वाचला. एकदा उलटा, शेवटून सुरुवातीकडे वाचला. चूक नव्हती. एक स्वल्पविराम जास्तीचा वाटला, पण नीट बघितल्यावर तोही जागेवर होता. आपण इतके बिनचूक का आहोत म्हणून त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

मग त्याला एक युक्ती सुचली. भरपाईच नाकारली तर फाइल आपोआप थांबेल. त्याने ताबडतोब अर्ज लिहिला की बिघाड वयामुळे आहे, मला कंपनीकडून एक छदामही नको. अर्ज बाईंच्या हातात दिला आणि दोन घास खाल्ले. तासाभराने बाई आनंदाने सांगत आल्या, "सर, तुमच्या अर्जाने कामच झालं! पैसे द्यायचे असले की फाइल तीन टेबलं फिरते. तुमच्या फाइलीत द्यायचंच काही नाही, म्हणून थेट गेली. भंगारवाल्याला पत्र पोचलंसुद्धा. उद्या बारा वाजता गाडी उचलतील."

सर्व्हेयरने डोकं टेबलावर टेकलं. ते उचलायची त्याला इच्छा होईना. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की आपल्या ऑफिसात कुणीही वाईट नाही, सगळे मदत करणारे आहेत, आणि म्हणूनच कुणाच्या हातातून काही सुटत नाही. मोठ्या साहेबांनाच शेवटी दया आली. जाता जाता ते त्याच्या टेबलाशी थांबले. "एकच वाट आहे. भंगारवाल्याने गाडी घ्यायला नकार दिला, तर ती मालकाला परत जाते. पण तो सहसा नाकारत नाही."

घरी त्याने सगळं सांगून टाकलं. बायको ओट्याशी उभी होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "बरंच झालं. सुटलो." मग तिने ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा एकदा पुसला. "उद्या मी पण येते," ती म्हणाली. "कागदांवर सह्या नीट होतायत का बघायला."

शुक्रवारी बाराला पाच कमी असताना भंगारवाला ट्रेलर घेऊन आला. उतारवयाचा, जाडसर, दोरीला चष्मा आणि दुसऱ्या दोरीला लोहचुंबक लटकवलेला गृहस्थ. त्याच्या हातात सर्व्हेयरचा अहवाल होता आणि तो त्याने रस्त्याने वाचत आणला होता. त्याने लिफ्टवरून उतरवलेल्या गाडीकडे बघितलं, अहवालाकडे बघितलं आणि जिभेने 'च्च' केलं.

"साहेब, तुमच्या रिपोर्टवर माझा आजवर डोळे झाकून विश्वास. तुम्ही लिहिलंय इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, पत्रा गेला, पार्टला गिऱ्हाईक नाही. मग मी नेऊ काय? ट्रेलरचं डिझेल सुटायचं नाही यात."

"म्हणजे?" सर्व्हेयरचा आवाज चिरका निघाला.

"म्हणजे नको. नकाराची पावती देतो, तुमच्या ऑफिसात लावा."

मेकॅनिकने तोंड फिरवून हसू लपवलं. बायकोने नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. एका पावतीपुरतं. भंगारवाल्याने बोनेटवरच पावतीपुस्तक ठेवलं आणि सावकाश लिहायला घेतलं. त्याचं अक्षर मोठं होतं आणि लिहिताना बोलायची त्याला खोड होती.

"तशी ही पोरकट गाडी. दोन सीट म्हणजे अर्धी गाडीच की."

सर्व्हेयर गप्प राहिला.

"रंग तरी काय. टोमॅटो नासल्यासारखा."

सर्व्हेयरने दात आवळले. बायकोच्या बोटांनी कोपर आणखी दाबलं. तिच्या बोटांत धंद्याने आलेली ताकद होती.

"तारीख काय आज?"

मेकॅनिकने घाईघाईने तारीख सांगितली. आता फक्त सही राहिली होती. भंगारवाल्याने पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं. "एक सांगू साहेब, राग मानू नका. हा जो आकडा तुम्ही घातलाय, तीन लाख एक्याण्णव हजार, तो खोटा आहे. काटा फिरवलेला आहे. असली नाजूक गाडी एवढी चालत नसते. मालकाने बढाई मारायला फिरवला असणार. मालक लबाड निघाला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही फसलात."

बुधवारपासून सर्व्हेयर आणि मालक एकमेकांशी बोलत नव्हते. या एका वाक्याने दोघंही एकदम पेटले.

"फसलो? मी?" त्याने कोपर सोडवून घेतलं. "लबाड? इकडे या. इकडे या तुम्ही!"

"अहो," बायको म्हणाली.

"ही ब्रेकची पायपट्टी बघा! रबर कुठे झिजलंय? उजव्या कडेला. अंगठ्याच्या दाबाने. एवढं झिजायला किती वर्षं लागतात? स्टिअरिंगचं कातडं बघा, दोन्ही अंगठ्यांच्या जागा! काटा फिरवता येतो, अंगठे फिरवता येतात का? काटा उघडलेलाच नाही, मागचं कंपनीचं सील जसंच्या तसं आहे. दाखव रे!"

"साहेब, पुरे," मेकॅनिक कळवळून म्हणाला. पण भंगारवाल्याने चष्मा नाकावर चढवला होता आणि तो वाकून बघत होता.

"दारं मूळची! काचा मूळच्या, चारही कोपऱ्यांत शिक्के आहेत. सीटचं कातडं मूळचं, दर महिन्याला तेल चोळलंय, मी स्वतः, या हाताने. दिव्यांच्या मोटरी दोन्ही मूळच्या, एक उशिरा उघडते पण उघडते. आरसे, कड्या, घड्याळ, आतला दिवा! एक स्क्रू परका नाही. आणि तुम्ही म्हणता खोटी!"

बोलता बोलता तो गाडीभोवती पूर्ण फिरून आला. त्याला धाप लागली होती. त्या गाडीबद्दल पंचवीस वर्षांत कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. भंगारवालाही त्याच्या मागोमाग पूर्ण फिरला होता. तो आता बोनेटशी थांबला, पावतीपुस्तक उचललं आणि लिहिलेली पावती टरकन फाडली.

"माफ करा साहेब. चुकलो. खरी आहे."

"आहेच!" सर्व्हेयर म्हणाला.

"इतकं मूळचं आणि इतकं जपलेलं! याचे पार्ट सुटे करून विकले तर शौकीन लोक पायऱ्या झिजवतील माझ्या. दारं, काचा, सीटा, दिव्यांच्या मोटरी. हे तुमच्या रिपोर्टात काहीच नव्हतं बघा." त्याने दुसरी पावती लिहिली. ही लिहिताना तो काही बोलला नाही, त्यामुळे तिला वेळही लागला नाही. गाडी स्वीकारली. सही.

सर्व्हेयर पावतीकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "रिपोर्टात नव्हतं? म्हणजे चूक आहे! माझ्या अहवालात चूक आहे!" आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या चुकीने त्याला इतका आनंद झाला. त्याने तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्वीकारल्याची पावती झाली?"

"आत्ताच. मिनिटही नाही झालं."

"मग झालं. पावतीनंतर हरकत भंगारवाल्याची असेल तरच घेता येते. त्याची आहे?"

सर्व्हेयरने भंगारवाल्याकडे बघितलं. तो लाल दारावरून हात फिरवत होता, मन लावून, प्रेमाने. त्याची काहीही हरकत दिसत नव्हती.

ट्रेलरच्या साखळ्या गाडीला लावल्या गेल्या. तिरप्या फळीवरून गाडी ट्रेलरवर ओढली गेली, तेव्हा खालचा पत्रा करकरला आणि तिघांनीही डोळे मिटले. भंगारवाल्याने वर चढून हात हलवला. ट्रेलर फाटकातून बाहेर पडला, डावीकडे वळला, आणि मग फाटकातून नुसता रस्ता दिसायला लागला.

मेकॅनिक मुकाट्याने लिफ्टजवळ झाडू मारायला लागला. सर्व्हेयर बोलणी खायच्या तयारीने बायकोकडे वळला. बोलणी खाल्ली की माणसाला बरं वाटतं. पण ती पडलेल्या टायरांच्या चळतीवर बसली होती आणि रडत होती. हळूच नव्हे, मोठ्याने, खांदे हलवत, पदर बिदर काही न लावता.

"अगं," तो घाबरून म्हणाला, "तूच म्हणत होतीस ना, विका म्हणून? सहा वर्षं म्हणत होतीस."

"म्हणत होते!" ती हुंदक्यात म्हणाली. "तुम्ही विकणार नाही या भरवशावर म्हणत होते!"

तो तिच्यासमोर उभा राहिला. बावीस वर्षांत त्याने किती गाड्या भंगारात काढल्या होत्या याची मोजदाद नव्हती. पण गाडी गेल्यावर मालकाशी काय बोलायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. तो नेहमी सही करून निघून जायचा. इथपर्यंत कधी थांबलाच नव्हता. त्याने खिसे चाचपले. एका खिशात खडू निघाला, दुसऱ्यात बॅटरी. रुमाल नव्हता. मग तो गुडघ्यातून वाकून, सावकाश, तिच्या शेजारच्या टायरवर बसला.